शेवटच्या वाक्याबाबत मंगळाचा अर्ज

मंगळाला आपलं चुंबकक्षेत्र परत हवं होतं, म्हणून त्याने खारवाडीच्या चुंबकीय वेधशाळेकडे रजिस्टर्ड टपालाने अर्ज केला. अर्ज तीन प्रतींत होता, समास नियमाप्रमाणे सोडलेला होता आणि सही जिथे हवी तिथेच होती. आवक विभागाने शिक्का मारून तो डॉ. शैलजा चौलकरांच्या टेबलावर ठेवला, कारण मंगळाचं टेबल त्यांच्याकडेच होतं. एकतीस वर्षं त्या त्याच्या चुंबकक्षेत्राचा अभ्यास करत होत्या, म्हणजे खरं तर ते नसण्याचा.

प्रकरण असं होतं. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळलं जात असतं, त्यातून चुंबकक्षेत्र उभं राहतं, आणि सूर्याकडून सुटलेला प्लाझ्माचा वारा त्याला अडून बाजूने निघून जातो. मंगळाच्या पोटातलं घुसळणं चार अब्ज वर्षांपूर्वी थांबलं. तेव्हापासून हा वारा थेट त्याच्या अंगावर येतो आणि जाताना थोडी हवा घेऊन जातो. अर्जात तक्रारीचा सूर नव्हता. सेकंदाला सुमारे शंभर ग्रॅम हवा जाते, म्हणजे वाण्याकडची चहाची एक लहान पुडी, आणि जी उरली आहे ती आपल्याला ठेवायची आहे, एवढंच त्याने लिहिलं होतं.

वाचून शैलजाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या जागी कोणाला नेमायचं नाही असं वरून ठरलं होतं. टेबल गेलं की त्यावरची सगळी प्रकरणं बंद. चार अब्ज वर्षं थांबलेल्या अर्जदाराला आणखी थोडं थांबायला सांगणं कोणालाच जड गेलं नसतं, हे त्यांना कार्यालयाच्या सवयीवरून माहीत होतं.

संचालक बिवलकर हे नाकासमोर चालणारे गृहस्थ. माणूस वाईट नव्हे, पण ज्या गोष्टीला मागचं उदाहरण नाही ती समोर आली की त्यांना शिंका यायला लागायच्या. फाइल उघडताच त्यांना सहा आल्या. ग्रहाला चुंबकक्षेत्र दिल्याचं उदाहरण आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हतं. बाईंनी दाखवून दिलं की अर्ज नव्या क्षेत्राचा नाही, होतं ते पूर्ववत करण्याचा आहे, आणि नमुन्यात त्याला वेगळा रकाना आहे. मग साहेबांनी पूर्वी क्षेत्र होतं याचा पुरावा मागितला आणि अर्जदाराला समक्ष सुनावणीला बोलावलं.

मंगळ दहा फेब्रुवारीला सकाळी अकराच्या ठोक्याला हजर झाला. त्या दिवशी आपण आकाशात दिसणार नाही, असं त्याने संबंधितांना आधीच कळवलं होतं.

अडचण आली ती फाटकावर. चुंबकीय वेधशाळेत लोखंड नेता येत नाही. आतल्या सुईला ते लगेच कळतं आणि दिवसभराची नोंद बिघडते. इमारतीचे खिळेसुद्धा पितळेचे आहेत. येणारा प्रत्येक जण किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना फाटकाजवळच्या लाकडी पेटीत काढून ठेवतो, खुद्द बिवलकरसुद्धा. फाटकावर हिराजी नाखवा असायचा, आणि सव्वीस वर्षांत त्याने एक टाचणी आत जाऊ दिली नव्हती.

"मॅडम, पाव्हण्याला आत कसा सोडू?" त्याने येऊन सांगितलं. "सगला आंगच गंजलेल्या लोखंडाचा हाय. काढून ठेव सांगितला तर मागं काय उरंल त्याचा?"

मंगळाने हुज्जत घातली नाही. काढून ठेवायची त्याची तयारी होती, पण पेटी लहान पडली. शेवटी सुनावणी बाहेर, उंडीच्या झाडाखालच्या बाकावर घ्यायचं ठरलं. आख्खा ग्रह बाकावर बसणार कसा, ही काळजी फुकटच गेली. येताना तो आपलं अंतर सोबत घेऊन आला होता, त्यामुळे जवळ असूनही लांबचाच दिसत होता, आणि अर्ध्या बाकात मावला.

पुरावा म्हणून त्याने आपल्या दक्षिणेकडचा एक दगड आणला होता. खडक थंड होतो तेव्हा भोवती असलेलं चुंबकक्षेत्र त्याच्यात जसंच्या तसं बसून राहतं, आणि हा दगड चार अब्ज वर्षांपूर्वी थंड झालेला होता. मंगळाने तो बाकावर ठेवला. अकरा चाळीसला आतल्या सुईने नोंदपट्टीवर छोटीशी टेकडी काढली. इतका वेळ तो स्वतः बसला होता तेव्हा सुई ढिम्म हलली नव्हती.

बिवलकरांनी पुरावा मान्य केला. मग पिशवीतून वेधशाळेच्या वार्षिकाचा एक जुना अंक काढला. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या अंकात डॉ. शैलजा चौलकर यांचा एकेचाळीस पानांचा निबंध होता, आणि त्याचं शेवटचं वाक्य होतं: 'एकदा विझलेलं ग्रहाचं चुंबकक्षेत्र पुन्हा पेटत नाही.' तज्ज्ञांचं मत अर्जाच्या विरुद्ध आहे आणि तज्ज्ञ ह्याच टेबलावरचे आहेत, असं साहेबांनी नोंदवायला सांगितलं. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

"हा निबंध मी वाचलाय," मंगळ म्हणाला. "माझ्याबद्दल इतकं मन लावून कोणी लिहिलं नव्हतं. सगळं बरोबर आहे. शेवटचं वाक्य तेवढं तुम्ही घाईत लिहिलंत."

बाईंना तो दिवस स्वच्छ आठवला. छापखान्याचा माणूस दारात उभा होता आणि निबंधाला शेवट नव्हता. शेवट ठाम हवा, म्हणून त्यांनी उभ्या उभ्या ते वाक्य लिहून दिलं होतं. त्यांचं गणित आदल्याच ओळीवर संपलं होतं. आता त्यांना मनापासून लाज वाटली.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "ते मला माहीत नव्हतं. तरी मी लिहिलं."

बिवलकरांनी अंक मिटला. छापलेलं वाक्य उभं आहे तोवर आपले हात बांधलेले आहेत, असं त्यांनी सांगितलं. मात्र लेखकाने स्वतः शुद्धिपत्र काढलं आणि ते अंकाच्या तीनशेच्या तीनशे प्रतींत चिकटवलं, तर वाक्य रद्द धरता येतं. वाक्य रद्द झालं की त्याच्या आधारावर थांबलेली गोष्टही थांबलेली राहू शकत नाही. मुदत अर्थातच एकतीस मार्च.

शुद्धिपत्राचा मजकूर लिहायला बाईंना तीन दिवस लागले. 'पुन्हा पेटतं' असं लिहून टाकावं असं त्यांना फार वाटत होतं. समोर अर्जदाराचं पत्र होतं, आणि सेकंदासेकंदाला एकेक पुडी जात होती. पण तेही त्यांना माहीत नव्हतं, आणि एकच चूक दोनदा करायची नव्हती. अखेर त्यांनी लिहिलं: "'पुन्हा पेटत नाही' याऐवजी 'पुन्हा पेटल्याचं अजून दिसलेलं नाही' असे वाचावे." मसुदा मंगळाकडे पाठवला. उलट टपाली उत्तर आलं, पुरेसं आहे.

मग प्रतींची शोधाशोध सुरू झाली. दोनशे चाळीस प्रती वेधशाळेच्याच कपाटात होत्या, कारण त्या कोणी मागवल्याच नव्हत्या. इतका कमी खप कधी उपयोगी पडेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाकीच्या पत्रं पाठवून परत मागवल्या. एका कॉलेजच्या ग्रंथपालाने आपली प्रत स्वतः एसटीने आणली आणि शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटलेली डोळ्यांनी बघूनच तो परत गेला. हिराजी घरून खळ शिजवून आणायचा. बाई चिठ्ठी ठेवायच्या, तो तळहाताने दाबायचा. तीस मार्चला दोनशे नव्व्याण्णव प्रती झाल्या आणि तीनशेवी काही केल्या सापडेना. वाटपाच्या वहीत तिच्यापुढे फक्त 'सप्रेम' असं लिहिलेलं होतं.

एकतीसला दुपारी निरोपसमारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, दोन भाषणं झाली. बाई हसत होत्या, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं आणि मनातून त्या पार खचल्या होत्या. एकतीस वर्षांचं काम एका प्रतीपाशी अडलं होतं. शेवटी बिवलकर बोलायला उठले. पण भाषण न करता त्यांनी एक अंक काढून टेबलावर ठेवला. पानांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या आणि समासात पेन्सिलीने बारीक खुणा होत्या.

"सुनावणीला आणलेला अंक कार्यालयाचा होता," ते म्हणाले. "हा माझा. तुम्हीच दिला होतात, मी नवा लागलो होतो तेव्हा. हा वाचला म्हणून मी नोकरी सोडून गेलो नाही. यात चिठ्ठी लावायला मन होत नव्हतं."

बाईंनी अंक पुढे ओढला. हिराजीने खळ आणली. चिठ्ठी चिकटवली, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी मंजुरीवर सही केली. त्या वेळी त्यांना एकही शिंक आली नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हिराजी बाईंच्या घरी आला. टेबल राहिलं नव्हतं आणि त्या टेबलाच्या नावावर आलेलं पाकीट परत पाठवायला त्याचं मन धजेना, म्हणून रजेचा अर्ज टाकून तो स्वतःच निघाला होता. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि पाकीट फोडलं.

मंगळाने लिहिलं होतं: 'आठवडाभर पोटात काहीतरी हलतंय असं वाटत होतं. काल सकाळी वारा नेहमीसारखा आला, आणि माझ्यापर्यंत न पोचता बाजूने निघून गेला. माझी समजूत चुकली असेल म्हणून मी गप्प राहिलो. दुपारीही तो बाजूनेच गेला.'

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते हिराजीपासून लपवलं नाही. पण अर्जदाराच्या शब्दावर शास्त्र चालत नाही, म्हणून त्यांनी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचे आकडे मागवले. ते यायला चार दिवस लागले. आकडे लहान होते, फारच लहान, पण शून्य नव्हते. बाईंनी ते स्वतः दोनदा तपासले आणि तिसऱ्यांदा बिवलकरांकडून तपासून घेतले.

मग त्यांनी कोरा कागद ओढला, वर 'शुद्धिपत्र क्रमांक दोन' असं लिहिलं आणि खाली मजकूर घातला: "'अजून दिसलेलं नाही' याऐवजी 'दिसलं आहे' असे वाचावे."