लाल टोपी आणि पिवळी म्हातारी

मी चौकशा करणारा माणूस नाही. शेजाऱ्यांकडे लक्ष असतं माझं, एवढंच. (माझी बायको झिनेत या दोन गोष्टींत फरक मानत नाही.) त्या गुरुवारी बाहेर उणे बावीस होतं. दोन्ही घरांच्या खिडक्या दुहेरी काचेच्या आणि घट्ट बंद. तरीसुद्धा शेजारच्या आदेलारच्या स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, युगेतचा, आवाज आमच्या टेबलापर्यंत आला. त्याच क्षणी मला आठवलं, की त्यांचं केकचं भांडं नाताळपासून आपल्याकडे पडून आहे. ते परत करायला हवं. आत्ताच्या आत्ता.

भांडं घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तिथून हे सगळं सुरू झालं.

"ती पिवळी सोमवारी भंगारात जाणार," युगेत सांगत होती. "ट्रकवाल्याशी बोलणं झालंय माझं."

पिवळी म्हणजे आदेलारची बर्फगाडी, बर्फावरून स्कूटरसारखी पळणारी. एकाहत्तर सालची. त्याच्या वडिलांनी नवी आणली तेव्हा सगळं गाव बघायला जमलं होतं. आता तिचा पिवळा रंग जुन्या दातांसारखा झालाय, सीटवर चिकटपट्ट्या आहेत, आणि ती दोरी ओढून सुरू करावी लागते. एका ओढीत कधीच नाही.

"मागच्या फेब्रुवारीत तीन किलोमीटर चालत आले मी!" युगेत म्हणाली. "गुडघाभर बर्फातून! चर्चच्या बुटांत!"

"तेव्हा पट्टा तुटला होता," आदेलार पुटपुटला.

"एकदा पट्टा तुटतो. एकदा प्लग भिजतो. एकदा दोरीच हातात येते. दर वेळी होतं तिला आणि चालते मी!"

आदेलार कप फिरवत बसला. तो मोठा माणूस आहे, हातसुद्धा फावड्याएवढे, पण तेव्हा तो अगदी लहान दिसत होता. "शनिवारी तिला गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे मासेमारीच्या खोपट्यावर नेतो," तो म्हणाला. "रविवारच्या जेवणाचे मासे घेऊन तीनच्या आत परत. ती आपली आपण आली तर राहील."

"आणि दुसऱ्या गाडीमागे दोरीनं बांधून आली तर?"

"तर..." वाक्य तिथंच राहिलं. वारलेल्या आजीचं नाव काढताना झिनेत अशीच थांबते.

"बरोबर साक्षीदार हवा," युगेत म्हणाली आणि तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. (भांडं अजून माझ्या हातातच होतं.) "हा जाईल. याच्या पोटात काही राहत नाही."

मला हे कौतुकच वाटलं.

माझी स्वतःची गाडी बेअरिंगसाठी उघडून ठेवलेली, म्हणून मला त्यांच्या जावयाची, झेरोमची, नवी गाडी मिळाली. झेरोम क्वेबेक शहरात राहतो आणि गाडी सासऱ्याच्या गॅरेजमध्ये ठेवतो. शुक्रवारी येऊन त्यानं मला ती शिकवली.

"हे हँडल गरम होतं. सीट गरम होते. हा पडदा वेग दाखवतो, नकाशा दाखवतो. आणि हे बटण दाबलं की गाडी मागं जाते. तुमच्या पिवळीला आहे का रिव्हर्स, सासरेबुवा?"

"आहे की," आदेलार म्हणाला. "खाली उतरायचं, मागचा दांडा धरायचा आणि उचलून फिरवायची."

झेरोम हसला. मग त्यानं मला एक लाल टोपी दिली. बाटलीच्या बुचाएवढी, तिला टेलिफोनसारखी कुरळी दोरी आणि दोरीच्या टोकाला चिमटा. "हीच किल्ली समजा. टोपी इथं बसवायची, चिमटा कोटाला लावायचा. तुम्ही पडलात की टोपी निघते आणि गाडी थांबते. ही हरवू नका. गाडी फक्त हिलाच ओळखते."

"रोझेर आणि हरवणार?" आदेलार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तो तर दुसऱ्यांच्या वस्तूसुद्धा शोधून काढतो."

शनिवारी सकाळी निघालो. काय सांगू! नवी गाडी म्हणजे दवाखान्यातली खुर्ची. बसलं की पाठीला आधार, बुडाला ऊब, आणि आवाज इतका कमी की स्वतःचं शिंकणं ऐकू येतं. खड्डा आला हे मला पडद्यावरचा आकडा हलल्यावर कळायचं. माझ्यापुढे आदेलार एक गुडघा सीटवर टेकून, उभा-बसा, पिवळीवर खडखडत चालला होता. मागे निळा धूर. तळ्यावरचा प्रत्येक उंचवटा तिनं आधी त्याच्या मणक्याला कळवला आणि मगच पुढे पाऊल टाकलं. पण मागं वळून बघितलं तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फ होतं आणि त्याखाली चौदा वर्षांचा पोरगा हसत होता. माझं बूड गरम होतं, तरी मला जरासा हेवा वाटला.

वाटेत समोरून गाड्या आल्या की आमच्याकडे पुढचा माणूस हात वर करून बोटांनी दाखवतो, मागे आणखी किती गाड्या आहेत. सगळ्यात शेवटचा मूठ दाखवतो: माझ्यामागे कुणी नाही. आदेलारनं एक बोट वर केलं. मी मूठ. झकास चाललं होतं.

खोपटं तळ्याच्या बर्फावरच उभं आहे. आत शेगडी पेटवली, बर्फातल्या भोकांत गळ सोडले आणि वाटाण्याचं सूप तापवलं. इतकं गरम झालं की दोघांनी कोट काढून खिळ्यावर टांगले. तासाभरात नऊ मासे मिळाले. (दरम्यान मी शेजारच्या तीन खोपट्यांत डोकावून आलो. चौकशी नव्हे. सात पावलांवर तर आहेत, कोट कशाला घालायचा.)

दोन वाजता निघायचं ठरलं. मी कोट चढवला तर तो खांद्यांवर सैल बसला. शेगडीच्या उष्णतेनं सैलावला असेल, म्हटलं. गाडीपाशी आलो, उतरताना टोपी ठेवलेल्या खिशात हात घातला, आणि टोपी नाही.

दुसरा खिसा. त्यात पेपरमिंटच्या गुलाबी गोळ्या. झिनेतनं ठेवल्या असतील, चांगली आहे बिचारी, म्हणून एक तोंडात टाकली. पण टोपी नाही.

"आदेलार," मी म्हणालो, "टोपी गेली."

"कुठली?"

"लाल."

"तू निळी घालून आला होतास."

"गाडीची टोपी रे बाबा!"

मग शोधाशोध. शेगडीखाली, माशांच्या बादलीत, सुपाच्या भांड्यात. मी बर्फात गुडघ्यावर बसून तळव्यानं इंच इंच चाचपलं. आदेलार उभा राहून, दोन्ही हात खिशात घालून, मान हलवत होता. फोनला तिथं कधी रेंज नसते. त्या महागड्या गाडीच्या पडद्यावर एवढंच आलं, की किल्ली लावा.

"अडीच वाजले," आदेलार शेवटी म्हणाला. "ओढून न्यावी लागेल."

"कुणी?"

त्यानं पिवळीच्या नाकाडावर तळवा ठेवला, गाईच्या कपाळावर ठेवतात तसा.

या वजनाखाली तिचं काही तुटलं, तर दोन्ही गाड्या इथं, आम्ही चालत, आणि सोमवारी ट्रक. तेही माझ्यामुळे! ओढताना अडू नये म्हणून नव्या गाडीचा पट्टा काढून ठेवला, दोरी बांधली. मी तेवढ्यात पिवळीच्या मागे ओणवा होऊन एकदा शेवटचं शोधत होतो. आदेलारनं पिवळी सुरू करायची दोरी ओढली. नाही. ओढली. नाही. तिसऱ्यांदा इंजिननं खोकल्यासारखा उलटा झटका दिला, आणि पेटलं.

पण पेटलं ते उलटं! जुन्या इंजिनांना कधीकधी तसं होतं, उलट्या बाजूनं फिरायला लागतात. आदेलारनं वेग दिला आणि पिवळी पुढे जायच्या ऐवजी सरळ मागे आली. मी मागेच. मागच्या दांड्यानं मला अलगद उचललं आणि बर्फाच्या ढिगात बसवलं, कंबरेपर्यंत.

आदेलारनं इंजिन बंद केलं.

"झेरोमला सांग," तो म्हणाला, "हिलाही रिव्हर्स आहे."

पुढच्या ओढीला ती सुलट पेटली. दोरी ताणली गेली, नवी गाडी किंचाळली, सरकली. निघालो. माझं गरम हँडल आता लोखंडाचं होतं, गरम सीट बर्फाची लादी, आणि निळा धूर सगळा माझ्या नाकात. तरी प्रत्येक फर्लांगाला मी मनातल्या मनात म्हणत होतो: चल म्हातारे, चल, आणखी थोडं. तळ्याच्या मध्यावर ती एकदा गचका देऊन मंदावली, तेव्हा मी खरोखर श्वास धरला. आदेलार पुढे वाकून तिच्याशी काहीतरी बोलला. ती परत चालू लागली.

समोरून चार गाड्या आल्या. मी बघत होतो. आदेलारनं हात वर केला आणि मूठ दाखवली.

"अरे, मी आहे की मागे!" मी ओरडलो.

"चालू गाड्याच मोजतात!" तो ओरडला.

तीनला सात मिनिटं असताना आम्ही अंगणात शिरलो. युगेत ओट्यावर उभी. तिनं दोरी बघितली, मग दोरीचं पुढचं टोक, मग मागचं टोक, मग मला. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"नवी बंद पडली," आदेलार म्हणाला.

युगेत माझ्याकडे वळली. "साक्षीदार?"

टोपीचं सांगितलं, तर पैज रद्द. मी ओठ आवळले. आयुष्यात एवढा त्रास मला दाढदुखीनंही झाला नव्हता. "बंद पडली," मी म्हणालो. खोटं तर नव्हतं ना!

पिवळी वाचली. मी घरी येऊन इतका मोकळा झालो, की झिनेतनं न सांगताच मी कुंचा घेऊन ओटा झाडला.

सोमवारी सकाळी दार वाजलं. युगेत. तिच्या हातावर घडी केलेला निळा कोट, आणि कोटावर, अंडं ठेवावं तशी, लाल टोपी.

"तुझा कोट," ती म्हणाली. "आमच्याकडचा परत दे. आणि त्यातल्या पेपरमिंटच्या गोळ्या."

बर्फगाडी क्लबनं दोन वर्षांमागं सगळ्या गावाला एकाच निळ्या रंगाचे कोट वाटले होते. खोपट्यात खिळ्यावरून मी त्याचा उचलला होता, त्यानं माझा. टोपी सबंध वेळ माझ्याच कोटाच्या खिशात होती आणि तो कोट आदेलारच्या अंगावर.

त्याचे दोन्ही हात खिशात होते, हे मला तेव्हा आठवलं.

"त्याला माहीत होतं?"

"कालच सांगितलं त्यानं मला, जेवताना. त्याच्या घशाखाली मासा उतरेना."

मी घाबरत विचारलं, "मग ट्रक?"

"येणार नाही." युगेत जायला वळली. "एकट्या गाडीचा प्रश्न असता तर दिली असती. पण तू शेजारी आहेस म्हटल्यावर ओढून आणायला घरात काहीतरी हवंच."

मला इतकं बरं वाटलं, की अपमान जेवणापर्यंत लक्षातच आला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही चर्चहून परतत होतो. पायवाट अरुंद, दोन्हीकडे बर्फाच्या भिंती; झिनेत पुढे, मी दहा पावलं मागे. (वाटेतल्या एका घराचे पडदे नवे होते.) समोरून आदेलार आणि युगेत आले. वाट देण्यासाठी युगेत थांबली आणि तिनं विचारलं, "मागे आणखी कुणी आहे का गं?"

झिनेतनं मागे वळूनही बघितलं नाही. हात वर केला आणि मूठ दाखवली.