हौसाच्या दारातलं पायताण

बाबालालमामा अस्वलाचा पिंजरा झाडायला जाताना पायताण बाहेर काढून ठेवत. नीट, जोडीनं, भिंतीला लावून. अस्वल पुढच्या भागात कोंडलेलं असे आणि मागच्या खोलीतल्या घाणीत हा माणूस अनवाणी खराटा मारत असे. बाहेर आल्यावर नळाखाली पाय धुवायचे आणि मगच पायताण घालायचं. मी नवीन होते तेव्हा न राहवून विचारलं, तर माझ्याकडेच बघत राहिले.

"दुसऱ्याच्या घरात पायताण घालून जातोय व्हय आपण?"

मी तिथं तिकीटखिडकीत बसायची. आमचं प्राणिसंग्रहालय म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. चार हरणं, मोरांची जाळी, लोक खोटी समजून खडे मारत ती एक मगर, आणि हौसा नावाची म्हातारी अस्वलीण. देवीचं दर्शन झालं, पन्हाळा बघून झाला आणि तरी वेळ उरला, की गाडीवाले पर्यटकांना आमच्या दारात आणून सोडत. अर्ध्या तासात सगळे प्राणी बघून, फोटो काढून त्यांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला पोचायचं असे. अशात हौसा झोपलेली दिसली की मंडळींचे चेहरे पडत. मग शिट्ट्या, टाळ्या, गजांवर बाटल्या बडवणं सुरू.

मामांना ते अजिबात खपत नसे. खराटा आडवा धरून ते मधे उभे राहत आणि समोरच्याला विचारत, पावणं, तुमच्या घरात शिरून कुणी तुम्हाला झोपेतनं उठवलं आणि नाच म्हणालं तर चालंल का? एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ हटूनच बसले. आम्ही तिकीट काढलंय म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "मग झोपल्यालं अस्वल बगितलं की. आमी बी रोज तेच बगतोय."

दुसरा नियम खाण्याचा. पिंजऱ्यासमोर कुणी वेफर्सची पिशवी फोडली की मामा हजर. तिला देता येत नाही, मग तिच्यादेखत खायचं नाही, इतका साधा हिशेब. पिशवी संपेपर्यंत त्या माणसाला चिंचेखाली नेऊन बसवत. एकदा एका शाळेची अख्खी सहल त्यांनी डब्यांसकट चिंचेखाली पिटाळली. सोबतच्या बाई तणतणत माझ्या खिडकीशी आल्या, कारण तक्रारवही माझ्याकडे. मी मामांवर चिडायची, खरंच चिडायची. वहीतली निम्मी पानं त्यांच्याच नावानं भरली होती.

स्वतः मामाही तिच्याआधी जेवत नसत. दुपारी नाचणीची लापशी कोमट करून आत सरकवायची आणि हळूच म्हणायचं, "जेव, माय." ती चाटूनपुसून मोकळी झाली की मगच आमचे डबे उघडत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी गारगोटीला दिलेली. मामांच्या डब्यात रोज त्यांनीच थापलेल्या जाड भाकरी असत, आणि माझ्या डब्यातली भाजी ते दहादा नको म्हणून मग घेत.

पुढं संग्रहालय बंद करायचं ठरलं. पिंजरे लहान, लोक येईनासे झालेले. हौसाला तीन तासांवरच्या मोठ्या प्राणिसंग्रहालयात हलवणार होते. मला वाटलं, मामा आता आकाशपाताळ एक करणार. पण ते एवढंच म्हणाले, की तिथं माती आहे म्हणे, तिला उकरायला मिळेल. आमच्याकडे फरशी होती. लापशीचं भांडं दाखवत त्यांनीच तिला गाडीतल्या पेटीत घेतलं.

आठ दिवसांनी तिथल्या रखवालदाराचा फोन आला, की अस्वल खात नाही. मामांनी त्याला भांडं कसलं, लापशी किती कोमट, सगळं सांगितलं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, की वाढताना 'जेव, माय' म्हणा. पलीकडचा माणूस हसला असावा, कारण मामांनी तेच पुन्हा एकदा जरा जोरात सांगितलं. त्यानंतर काही कळलं नाही. दोन आठवड्यांनी मामा माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, जाऊन येऊया."

तिथं जत्रेसारखी गर्दी होती. मामांनी रांगेत उभं राहून दोन तिकिटं काढली. हौसासमोर खंदक, त्याच्या अलीकडे कठडा. कठड्याशी पोचताच मामांनी पायताण काढलं आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. हौसा लांब झाडाखाली माती उकरत होती. वाळली होती. थोड्या वेळानं रखवालदार भांडं घेऊन पलीकडच्या दारात आला. त्यानं ओशाळून इकडंतिकडं बघितलं आणि तिला काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही, पण ओठ हलले ते दोनच शब्दांपुरते.

हौसा उठली, सावकाश चालत गेली आणि भांड्यात तोंड घातलं.

मी म्हटलं, "मामा, हाक मारा की." ते एका लठ्ठ कुटुंबाच्या मागं सरकले.

"नगो. वळखंल ती. मग मी गेल्यावर परत जेवायची न्हाय."

तेवढ्यात एक पहारेकरी आला. "पावणं, जरा मागं सरा. आणि ते पायताण उचला, लोक अडखळत्यात."

"व्हय, चुकलं," मामा म्हणाले. पायताण हातात घेऊन ते मागं, अगदी गर्दीच्या शेवटी जाऊन थांबले. भांडं रिकामं होईपर्यंत टाचा उंचावून बघत राहिले. डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली, आणि मला फार वाईट वाटलं. त्या तक्रारवहीतली त्यांच्या नावाची सगळी पानं फाडून टाकावीशी वाटली.

बाहेर एका झाडाखाली त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, एसटीत मी दिलेलं केळंही तसंच पिशवीत ठेवलं होतं.

"जेवली, ताई," ते म्हणाले. "आता बसा, आपन जेवूया."