ओव्हरराइट झुंबर?

कादंबरी कशाचीही होते, फक्त लिहिणाऱ्याच्या मनगटात दम पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतोय, लक्षात घ्या. गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी सव्वाबारापर्यंत मी ते बाळगून होतो.

मी पृथ्वीराज. साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी, राहायला कोल्हापूर, आणि नावावर दोन ऐतिहासिक कादंबऱ्या. पहिलीत दरबारातल्या झुंबराचं वर्णन अकरा पानं चाललंय. एका समीक्षकानं लिहिलं, 'झुंबर संपेपर्यंत शत्रू गड चढून, जेवून, झोपलासुद्धा!' आता कोल्हापुरात असली गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? अजूनही ऑफिसात मी भाषणाला उभा राहिलो की मागून कुणीतरी म्हणतंच, "साहेब, झुंबर लावू नका हं!"

तर माझे प्रकाशक केरबाशेठ यांनी एक दिवस बोलावून घेतलं.

"पृथ्वीराज, पोरं पुस्तक वाचंनात. दिवसभर गेम खेळत्यात. पुण्याच्या पोरांनी 'भस्मदरी' म्हणून एक गेम काढलाय. राजे, राक्षस, मांत्रिक, सगळं हाय त्यात. त्याची मराठीत कादंबरी पायजे त्यांना. जमंल?"

"आठ दिवसांत!"

"गेम कधी खेळलाय काय?"

"केरबाशेठ, ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा मी काय घोड्यावर बसून लढाईला गेलतो?"

त्यांनी मान हलवली आणि काम माझ्याकडं दिलं.

गेम घरातच होता. आमची मुलगी मोना पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचं गेमचं मशिन टीव्हीखालीच राहिलं. ते तिथं धूळ खात पडलंय अशी माझी समजूत. प्रत्यक्षात त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. पण घरात धूळ नसणं हे कधी नवऱ्याच्या लक्षात येतं का हो?

मंगळवारी रजा टाकली. आमची मंडळी, म्हणजे संयोगिता, सकाळच्या एसटीनं माहेरी नेसरीला गेली होती, चुलत भावाच्या घरभरणीला. संध्याकाळपर्यंत घर माझं. वही उघडली, मशिन लावलं. पडद्यावर एकच ओळ आली: 'झुंबर. लेव्हल ७१. ६१२ तास.'

मला वाटलं, असेल कुठल्यातरी राजवाड्यातलं. सहाशे बारा तास जळतंय म्हणजे तेल चांगलं असणार! मी 'नवीन खेळ' दाबलं. तर मशिननं इंग्रजीत प्रश्न टाकला, 'ओव्हरराइट झुंबर?' खाली 'येस' आणि 'नो'.

आता आमच्या कोल्हापुरात 'ओव्हर' ह्या शब्दाचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. लै ओव्हर करू नको, म्हणजे नको तेवढं वाढवू नको. आणि राइट म्हणजे लिहिणं, एवढं इंग्रजी मला येतं. म्हणजे हे यंत्र मला तोंडावर विचारत होतं, 'झुंबर परत ओव्हर करून लिहिणार काय?'

माझं टाळकंच सरकलं! त्या समीक्षकाचं कुजकं वाक्य पुण्याच्या पोरांपर्यंत पोचलं होतं तर! "लिहिणार!" मी टीव्हीवर ओरडलो. "अकरा काय, बारा पानं लिहिणार!" आणि असं जोरात 'येस' दाबलं की रिमोट करकरला.

पुढं गेमनं विचारलं, आपण कोण? वीर, मांत्रिक, चोर की धनगर? मी वीर निवडला. नाव ठेवलं रणधुरंधर. मिशा होत्या त्यातल्या सगळ्यात लांब लावल्या. रणधुरंधर छाती काढून वेशीपाशी गेला, तिथं एक कोंबडा होता. त्यानं रणधुरंधराला ठार मारलं.

परत उठलो. परत कोंबडा. एकोणीस वेळा! दर वेळी पडद्यावर यायचं, 'आपण वीरगतीस प्राप्त झाला आहात.' वहीत मी एवढंच लिहू शकलो: 'नायक एकोणीस वेळा मरतो. शत्रू: कोंबडा.' शेवटी सव्वाबाराला मोनाला फोन लावला.

"मोना, त्या कोंबड्याचं काय करायचं गं?"

"कुठला कोंबडा, पप्पा? मी मीटिंगला चाललोय."

"भस्मदरीतला."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही भस्मदरी लावलाय? आपल्या मशिनवर? सुरू करताना त्यानं काय विचारलं काय?"

"विचारलं की. झुंबराचं कायतरी. मी म्हटलं, येस!"

मोनानं मीटिंगला येत नाही म्हणून कुणालातरी सांगितलं.

"पप्पा, ते दिव्याचं झुंबर न्हवं. ती मम्मीची गेममधली बाई हाय. मम्मी खेळती. तीन वर्षं झाली, तुम्ही कारखान्याला गेला की रोज दुपारी. ओव्हरराइट म्हंजे जुनं पुसून त्यावर नवीन!"

"तुझी आई? गेम खेळते? आणि झुंबर हे काय माणसाचं नाव आहे?"

"पप्पा," मोना सावकाश म्हणाली, "आज्जीचं नाव काय?"

झुंबरबाई. माझ्या सासूबाई. वीस वर्षं मी त्यांना 'मामी' म्हणत होतो. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हा पेपरातली श्रद्धांजली मीच लिहिली होती. चार विशेषणं लावली होती. विशेषणं मला आजही पाठ आहेत, नाव तेवढं डोक्यातून गेलं होतं.

"परत आणता येईल काय गं?"

"न्हाई, पप्पा."

"सहाशे तास!"

"सहाशे बारा."

मी आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या राजवीरला फोन केला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. गडमुडशिंगीहून वीस मिनिटांत आला बिचारा. सगळं ऐकून घेतलं, बाह्या सरसावल्या, मशिन बंद केलं आणि परत चालू केलं. रणधुरंधर कोंबड्यासमोर उभाच होता.

"साहेब," राजवीर म्हणाला, "माझी विद्या एवढीच."

"अरे, संध्याकाळी संयोगिता येणार!"

"मग दुसरी झुंबर करूया की! वहिनींस्नी कळणार बी न्हाई!"

आणि मी, माणसांच्या मनाचा ठाव घेणारा लेखक असं ज्याच्या पुस्तकाच्या मागं छापलंय तो मी, म्हणालो, "नाद खुळा, राजवीर! चल!"

सासूबाईंचा फोटो भिंतीवरून काढला. राजवीर तो मांडीवर घेऊन बसला आणि मी गेममधे चेहरा जुळवायला लागलो.

"नाक वाढवा. आणि वाढवा. लै झालं! कमी करा. आता त्या माझ्या चुलत्यागत दिसाय लागल्यात."

"गाल?"

"गाल ऱ्हावू द्या. डोळं वर घ्या. डोळं, साहेब, भुवया न्हवं!"

ह्यात दोन तास गेले. मग वेशीपाशी कोंबडा. राजवीरनं त्याला चुकवून जायची वाट काढली, आणि पाच वाजेपर्यंत दोघांनी घाम गाळून झुंबरबाईंना लेव्हल दोनपर्यंत आणलं. मालमत्ता, एक शेळी. तीही आजारी.

अजून एकोणसत्तर लेव्हल राहिल्या होत्या आणि दारात चप्पल वाजली.

राजवीर उठला. "वहिनी, येतो, जरा काम हाय," म्हणत फोटो काखेत घेऊनच बाहेर पडला. जिन्यावरून परत आला, फोटो खिळ्याला वाकडा लावला आणि मग जो पळाला तो पळालाच.

संयोगिताच्या हातात माहेरहून आणलेल्या घनसाळ तांदळाची पिशवी होती. तिनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं.

"ही कोण?"

"झुंबर," मी म्हणालो.

"आईचं नाक असलं न्हवतं."

मग मी सगळं सांगून टाकलं. केरबाशेठ, आठ दिवस, अकरा पानं, कोंबडा. आता जाळ आणि धूर संगटच निघणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. दुधात पाणी सापडलं तेव्हा ह्या बाईनं गवळ्याला अर्धा तास जिन्यात उभा करून ऐकवलं होतं. पण तिचा आवाजच चढला नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती सोफ्याच्या कडेला बसली.

"नदीकडंचं घर बी गेलं?"

"हो."

"शेळ्या?"

"एक आहे," मी म्हणालो.

ती पडद्यावरच्या त्या शेळीकडं बघत राहिली.

"आईला नेसरीच्या भाईर कुठं जायाला मिळालं न्हाई," ती म्हणाली. "गडहिंग्लजचा बाजार हाच तिचा परदेश. म्हणून हितं फिरवीत हुते तिला. सात राज्यं दावली, समुद्र दावला. शेवटच्या दरवाज्यापाशी नेऊन ठेवली हुती. वरीस झालं, आत न्हेलं न्हाई."

"का?"

"आत गेलं की खेळ संपतोय की, अवो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तेव्हाच आठवलं, जेवताना ही कधीकधी म्हणायची, "आज समुद्र बघितला बघा," आणि मी म्हणायचो, "हं, आमटी वाढ." मला वाटायचं, मालिकेतलं काहीतरी असेल. तीन वर्षं ती सांगत होती आणि मी आमटी मागत होतो. ह्याची लाज वाटते. लेखक म्हणून नाही, नुसता माणूस म्हणून वाटते.

"संयोगिता, तू सांग, मी लिहितो," मी म्हणालो. "कादंबरी झुंबरबाईंचीच होईल. कागदावरचं कुणाला पुसता येत नाही."

ती तांदळाची पिशवी घेऊन आत गेली. पण पुढच्या रविवारी सकाळी लसूण सोलायला घेतला आणि म्हणाली, "लिवा. पयल्यांदा आई वेशीतनं निघाली, तवा पायात चप्पल न्हवती."

आठ दिवस कुठले, चार महिने गेले. ती सांगायची, मी लिहायचो. बर्फातली वाट, बोलणारं वडाचं झाड, नदीकडंच्या घराची पूर्वेची खिडकी. रणधुरंधराला हाकलला. विशेषणं पाखडून काढली. दोनशे चौदा पानं झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे बरं लिहिलंय.

पुण्याच्या पोरांचा फोन आला. "सर, सुंदर आहे. पण आमच्या गेमचा राजा कुठं आहे? महायुद्ध कुठं आहे? ह्यात नुसती एक बाई शेळ्या घेऊन फिरते!"

मी संयोगिताला विचारलं.

"राजा भेटला हुता," ती म्हणाली. "आईला अगं-तुगं बोलला. परत त्याच्या दारात पाय ठेवला न्हाई आम्ही."

पोरांनी पानं परत पाठवली. केरबाशेठ म्हणाले, "पृथ्वीराज, विषय हार्ड झाला. ऱ्हावू दे." मला फारसं वाईट वाटलं नाही. ती पानं एकाच वाचकासाठी लिहिली होती आणि तो वाचक घरातच होता.

संयोगितानं दोन दिवस चष्मा लावून वाचलं. दोन्ही दिवस मी न सांगता चहा केला आणि दारातून डोकावून कितवं पान आलं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शेवटचं पान उलटं ठेवलं, गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "ओव्हर कुठंच न्हाई."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"पण?" मी विचारलं. चोवीस वर्षांच्या संसारात मला तिचा 'पण' न बोलता ऐकू येतो.

तिनं चष्मा काढला. "ही बाई सारखी पदर सावरती. सगळ्यांस्नी 'जेवून जावा' म्हणती. गालातल्या गालात हसती, मोठ्यानं एकदा बी न्हाई. कुणाला एक शिवी देत न्हाई. आई तुमच्यासमोरच तशी असायची. ही माझी आई न्हवं, अवो. ही तुमची सासू हाय."

मी तिच्यासमोरची कपबशी उचलली. मग विचारलं, "अजून एक चहा टाकू?"