हरकतबाईंच्या चाळीस ओळी

हरकतबाईंनी सहाव्यांदा ‘नाही’ म्हटलं, तेव्हा स्क्रीनवरच्या चौकटीत कात्रीने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“मॅडम, मी फक्त चाळीस ओळी काढल्यात,” तो म्हणाला. “नवीन एकच घातलीय. काढलेल्या ओळीत चूक राहील तरी कशी?”

“खांब काढतानाही नवीन काही घालावं लागत नाही,” बाई म्हणाल्या. “छप्पर तेवढं खाली येतं.”

जेवणाच्या टेबलाचं डावं टोक हे बाईंचं ऑफिस. उजव्या टोकाला मिठाची बरणी आणि न वाचलेली पत्रं. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात कुणीही काही बदल सुचवला की तो आधी तपासावा लागतो. त्यातल्या एका कोपऱ्याची तपासनीस म्हणून यादीत बाईंचं नाव होतं. बाईंची त्यावर सही पडली की बदल पुढे जायचा. आणि बाईंची सही पडणं म्हणजे दाढ काढण्याइतकं सोपं काम. म्हणून सगळे त्यांना हरकतबाई म्हणत. कात्रीला कात्री म्हणत, कारण त्याला कोडमध्ये ओळी दिसल्या की राहवायचं नाही.

कोपरा होता डिस्क गोठवण्याचा. फाइलींची नक्कल काढून ठेवायची असेल, तर तेवढा वेळ डिस्कवर कुणी काही लिहिता कामा नये. सगळ्यांचा फोटो काढताना आपण ‘हलू नका रे’ म्हणतो, तसंच. वाचायला मुभा, लिहायला बंदी. ज्याला लिहायचंय त्याने रांगेत उभं राहावं. नक्कल झाली की डिस्क मोकळी.

आता एकाच वेळी दोघांनी ‘हलू नका’ म्हटलं तर? बाईंच्या त्या चाळीस ओळी याचीच मोजणी ठेवत. दोघांनी गोठवलं असेल, तर दोघांनीही मोकळं केल्याशिवाय डिस्क हलायची नाही. कात्रीने मोजणीच उडवली होती. त्याच्या जागी एक खूण: गोठलंय किंवा नाही. बस्स.

“दोघं एकाच वेळी गोठवतात कधी?” कात्री म्हणाला. “मी तरी पाहिलेलं नाही.”

“तुम्ही माझी सासूही पाहिलेली नाही. पण ती आहे.”

तिसऱ्या चौकटीत प्रमुख होते. ते सबंध चर्चेत मोजकंच बोलत, पण शेवटचा शब्द त्यांचाच. “मॅडम, पाच वाजता नव्या आवृत्तीत बदल घेणं बंद होतंय. तोवर एक तर पुरावा द्या, नाही तर सही द्या. दोन्ही नसेल, तर या कोपऱ्याच्या यादीतून तुमचं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घालावं लागेल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं.”

“आणि खरं सांगू का मॅडम,” कात्री जरा हळू आवाजात म्हणाला, “त्या ओळी तुमच्या आहेत म्हणून तुमचा जीव त्यात अडकलाय.”

हे मात्र लागलं. ओळी बाईंच्याच होत्या. बाई कुठल्या कॉलेजात हे शिकल्या नव्हत्या. लेकीला शाळेत सोडून आल्यावर, याच टेबलावर, वाचनालयातून आणलेली जाडजूड पुस्तकं मिठाच्या बरणीला टेकवून शिकल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांनी पाठवलेला आणि मंजूर झालेला पहिला कोड म्हणजे या चाळीस ओळी. म्हणजे कात्री म्हणतो ते खोटं आहे असं छातीठोक सांगायची सोय नव्हती.

“पुरावा देते,” बाई म्हणाल्या आणि माइक बंद केला.

पुरावा सोपा होता. चाचणीच्या मशीनवर डिस्क दोनदा गोठवायची, एकदाच मोकळी करायची, आणि ती हलते का ते दाखवायचं. बाईंच्या स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक चाचणीच्या मशीनची. दुसरी घरच्या मशीनची. घरचं मशीन बाईंनी स्वतः जुळवलं होतं आणि ते पॅसेजच्या टोकाला, चादरींच्या कपाटात असायचं. घरादाराच्या सगळ्या फाइली त्यावर. आणि बाईंचा एक नेम होता: जे आपल्या घरात चालत नाही, ते जगाच्या माथी मारायचं नाही. म्हणून कात्रीचा नवा कोड त्यांनी कालच कपाटात चढवला होता.

बाईंनी तावातावाने गोठवण्याचा हुकूम टाइप केला आणि एंटर दाबलं. मग पाहिलं, की खिडकी कपाटाची आहे.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या.

लगेच मोकळं करायचा हुकूम द्यायला गेल्या, तर खिडकीच थिजली. आपण काय हुकूम दिला याची नोंद ती डिस्कवर लिहायला गेली होती, आणि डिस्कवर तर लिहायला बंदी. नवी खिडकी उघडली, तर आत कोण आलं याची नोंद लिहायला ती खोळंबली. बाईंनी घराला आतून कडी घातली होती आणि किल्लीही आतच ठेवली होती.

“आई!” आतल्या खोलीतून लेक ओरडली. “माझं ड्रॉइंग सेव्ह होत नाहीये! जिना पूर्ण झालाय, साडेचारला पाठवायचाय!”

लेक इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती आणि तीन आठवडे एका शाळेच्या जिन्यावर अडकली होती.

“बंद करू नकोस! आहे तसं ठेव!”

“अगं, माझे पत्ते का हलत नाहीत?” सोफ्यावरून सासूबाईंनी टॅबलेट हलवून पाहिला. त्यांचा पत्त्यांचा खेळही प्रत्येक डावाचा हिशेब कपाटात लिहून ठेवायचा. “तीन पानं राहिली होती. जिंकत होते मी.”

“हलतील हो आई, थोडं थांबा.”

“थोडं म्हणजे किती? तू काय केलंस?”

“काही नाही.”

“तू काही नाही म्हणतेस तेव्हा मोठं काहीतरी असतं,” सासूबाई म्हणाल्या. चोवीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

आता एकच उपाय उरला होता. कपाट उघडायचं आणि मशीनचं बटण दाबून ते बंदच करायचं. बाई उठल्या, पॅसेजपर्यंत गेल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. पॅसेजच्या लाकडी जमिनीला सकाळी नवऱ्याने वॉर्निश लावलं होतं. आठवड्याची एकुलती एक सुट्टी त्याने गुडघ्यांवर घालवली होती, आणि आता पॅसेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून, हातात ब्रश धरून तो पहारा देत होता.

“सहापर्यंत कुणीही पाय ठेवायचा नाही,” तो म्हणाला.

“अहो, घर अडकलंय.”

“घर अडकलं तरी जमीन ओली ती ओलीच.”

“लेकीचा जिना अडकलाय.”

हे ऐकल्यावर मात्र तो खुर्चीवरून उतरला. वाकून बोट लावलं, बोट पाहिलं, दुसरीकडे लावलं. “बरं, वाळलंय तसं. जा. पण पाय उचलून, फरफटत नाही.”

बाई सपातांसह निघाल्या. अर्धा पॅसेज सरळ गेला. कपाटाच्या अलीकडे तीन पावलांवर उजवी सपात जमिनीने धरली. ती सोडवायला जोर लावला, तर डावीही धरली.

“थांब!” मागून सासूबाई कडाडल्या. “कुणी सांगितलं तुला जायला?”

“यांनी.”

“अरे, तू सांगितलंस? कपाटापाशी पट्टा पांढुरका राहिला होता तुझा. तुझं जेवण चाललं होतं तेव्हा मी त्यावर आणखी एक हात मारलाय. तासही झाला नाही!”

“मग सांगायचं ना मला!”

“तुला कशाला सांगू? मी सांगेपर्यंत कुणी जायचं नाही, एवढं पुरे नाही का? त्याने त्याची बंदी उठवली असेल. माझी कुणी उठवली?”

हरकतबाई दोन्ही सपाता जमिनीला चिकटवून, हात पसरून पॅसेजच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी मान वळवून सासूबाईंकडे असं पाहिलं, की सासूबाई क्षणभर चपापल्या.

“आई, काय म्हणालात? परत म्हणा.”

“आता परत म्हटल्याने पाय सुटणारेत का?”

तेवढ्यात चार वाजले. कपाटात मशीन गुरगुरलं. रोज चारला ते आपणहून घरच्या फाइलींची नक्कल काढायचं. तो प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर असल्यामुळे त्याला कुणाची आडकाठी नव्हती. डिस्क गोठवायची, नक्कल काढायची, मोकळी करायची, एवढंच त्याला ठाऊक. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. तीन मिनिटांनी गुरगुर थांबली.

“झालं! सेव्ह झालं!” लेक किंचाळली.

“हलले!” सासूबाई टॅबलेटकडे धावल्या. “राजा बसला, राणी बसली… जिंकले!”

“सुटलं ना? देव पावला,” नवरा म्हणाला. “आता हळूच मागे ये.”

बाई मात्र हलल्या नाहीत. “मी मोकळं केलेलं नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मी गोठवलं होतं. मी तर मोकळं केलंच नाही!” मग पाय सपातांतून काढून, आल्या त्याच वाळक्या वाटेने त्या अनवाणी टेबलाकडे पळाल्या. सपाता तिथेच राहिल्या, जणू त्यांना अजून कपाटाकडे जायचं होतं.

माइक चालू करून बाईंनी सगळं सांगितलं. चुकीच्या खिडकीपासून सपातांपर्यंत, काही न लपवता. कपाटातल्या मशीनने डिस्कवर नव्हे, तर आपल्या मेमरीत ठेवलेली नोंदही उघडून दाखवली: तीन वाजून अडतीस मिनिटांनी गोठवलं, बाईंनी. चार वाजता गोठवलं, नक्कल काढणाऱ्याने. चार वाजून तीन मिनिटांनी त्यानेच मोकळं केलं. आणि त्याच क्षणापासून सगळ्यांचं लिहिणं सुरू.

कात्रीचा चेहरा उजळला. “म्हणजे मॅडम, माझ्या बदलाने तुमचं घर वाचवलं! जुना कोड असता तर अजून अडकला असतात.”

“असते,” बाई म्हणाल्या.

“अगं, मग नवीनच चांगलं आहे की!” सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. “दे त्याला सही. गुणी दिसतोय.”

प्रमुखांना हसू आवरेना. “मॅडम, घरातलं मतही तुमच्या विरुद्ध आहे.”

“घर माझ्या विरुद्ध असण्याची मला सवय आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा पॅसेजकडे वळवला. “त्या सपाता दिसतात? दोघांनी बंदी घातली होती. एकाने उठवली. मला वाटलं, उठली. वाचले म्हणता? मी जर त्या वेळी चुकून नव्हे, तर खरंच नक्कल काढायला डिस्क गोठवली असती, तर माझी नक्कल अर्धी चार वाजायच्या आधीची निघाली असती आणि अर्धी नंतरची. लेकीचा जिना खालून नवा, वरून जुना. मधल्या पायरीवर पाऊल टाकणारा माणूस सरळ तळमजल्यावर. आणि मला पत्ताही लागला नसता, कारण माझ्या मते कुणीच हललेलं नाही!”

बाईंनी कॅमेरा परत स्वतःकडे वळवला.

“मी अडकून पडेन, ती माझी चूक. मी निस्तरेन. पण माझा शब्द माझ्या पाठीमागे दुसऱ्याने उठवायचा नाही. सही नाही. नाव काढायचं असेल तर काढा. ज्याचं घालाल त्यालाही हाच प्रश्न विचारत राहीन, रोज, बाहेरून.”

प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. कात्रीने चष्मा काढला. या वेळी त्याला पुसायची खरंच गरज होती. “तुमच्या सासूबाई नेमकं काय म्हणाल्या होत्या?” त्याने विचारलं.

“त्याने त्याची उठवली. माझी कुणी उठवली?” सासूबाईंनी सोफ्यावरूनच सांगितलं. आपलं कुणी परत विचारलं की त्यांना आवडायचं.

“लिहून घेतो,” कात्री म्हणाला आणि गायब झाला.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना त्याचा सुधारलेला बदल आला. मोजणी परत आली होती. तिच्या डोक्यावर टीप म्हणून सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं होतं. पण ओळी चाळीस नव्हत्या, सव्वीस होत्या. बाईंनी पुन्हापुन्हा तपासलं, कुठे बोट ठेवायला जागा मिळेना. एवढंच काम सव्वीस ओळींत बसतं, हे त्यांना आठ वर्षांत सुचलं नव्हतं. म्हणजे जीव अडकला होता, तो थोडासा खरंच अडकला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मिठाच्या बरणीकडे पाहून कबूल केलं, आणि सही केली.

“आभार, मॅडम,” प्रमुख म्हणाले. “यादी आहे तशीच राहील.”

सहा वाजता बाई पॅसेजपाशी गेल्या. बाथरूमचं दार कपाटाच्या शेजारीच होतं, आणि दुपारपासूनचा सगळा चहा आता बाईंना जाब विचारत होता. नवऱ्याने हात झाडले, आपली खुर्ची उचलली. “वाळलंय. माझ्याकडून मोकळं.”

पॅसेजच्या तोंडाशी दुसरी खुर्ची होती. तीवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर टॅबलेट, नवा डाव.

“आई, जरा बाजूला होता का? वाळलंय, हे म्हणाले.”

“त्याने त्याची उठवली,” सासूबाई पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाल्या.

मागे लेक खुदखुदली, आणि नवऱ्याने एकाएकी ब्रश धुवायला घेतला.

“किती वेळ हो आई?” हरकतबाईंनी विचारलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

“तीन पानं राहिलीत.”