शेवटचा कोण आला?

बन्शीनाना भिंगारहून सायकलवर नगरला येत, आमच्या दैनिकाच्या कचेरीच्या दारात उभे राहत आणि विचारत, "शेवटचा कोन आला?"

कशात, ते सांगत नसत. त्या दिवशीच्या अंकात ज्याचा निकाल असेल त्यात. कुस्त्या असोत, सायकलींची शर्यत असो, नगरपालिकेची निवडणूक असो, नानांचा प्रश्न तोच. पहिला कोण आला, हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही. "पयल्याला काय, समदेच इचारत्यात," असे त्यांचे म्हणणे होते.

आमच्याकडे उत्तर नसे. वर्तमानपत्राचा नियम साधा होता: पहिले तीन छापायचे. जागा उरली तर चौथा. त्यापुढचे लोक धावले होते, हे आम्ही गृहीत धरत असू.

एका निवडणुकीत मात्र मी त्यांना शेवटच्या उमेदवाराचे नाव सांगितले. नानांनी पेढ्यांचा पुडा घेतला आणि थेट त्याचे घर गाठले. "शेवटपत्तुर हुबं ऱ्हायलात, लई झालं," असे म्हणून पुडा हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो उमेदवार कचेरीत आला. विरोधकांनी माणूस पाठवून आपली टिंगल केली आणि त्याला फूस आमच्या वर्तमानपत्राची होती, असा त्याचा आरोप होता. संपादकांनी त्याला शांतपणे विचारले, "पेढे परत केलेत का?" पेढे परत केलेले नव्हते. तक्रार तिथेच मिटली.

नाना भिंगारच्या लष्करी मैदानावर नोकरीला होते. मैदान झाडणे, पाणी मारणे आणि फक्कीने रेघा आखणे, हे त्यांचे काम. चपलांवर, सायकलच्या पेडलवर, खाकी अर्ध्या चड्डीच्या काठावर पांढरी फक्की कायम असे. ते कचेरीत येऊन गेले की फरशीवर दोन पांढरी पावले उरत. शिपाई ती पुसताना रोज तेच पुटपुटे, "आले होते वाटतं लक्ष्मीनारायण."

त्यांच्या डोक्यात जगाचे दोन भाग होते: मैदान आणि बाहेरचे. मैदानात डावा हात आतल्या बाजूला ठेवून फिरतात. देवळात उजवा. ही गोष्ट त्यांना खटकत असे. "देवाचं मैदान उलटं हाय," ते गंभीरपणे सांगत. "पर आपुन काय बोलनार. त्येचं मैदान, त्येचा कायदा."

दर शनिवारी सकाळी ते भिंगारच्या मारुतीच्या देवळाबाहेर पारावर खडू घेऊन बसत. कुणी अकरा प्रदक्षिणा बोललेले असे, कुणी एकवीस. नाना त्यांच्या फेऱ्या मोजून देत, दगडावर रेघा ओढून. हे काम त्यांना कोणी दिलेले नव्हते.

भाजी विकणाऱ्या सोनाबाईशी त्यांचे दर शनिवारी भांडण होई. मी ते एकदा शेजारी उभा राहून ऐकले.

"झाल्या बाबा माज्या एकवीस."

"ईस झाल्या. एक राहिली."

"आरं मेल्या, बोटावर मोजल्यात मी!"

"बोटं लबाड असत्यात, सोनामावशी. चला, एक राहिली."

सोनाबाई नानांच्या खानदानाचा उद्धार करत पुन्हा फिरली. त्या दिवशी सवयीने मीही मोजत होतो. तिच्या एकवीस पुऱ्या झाल्या होत्या. नानांनी तिला बाविसावी घालायला लावली होती. दगडावरच्या रेघा पाहिल्या तर त्या एकाने कमी. पुढच्या माणसाचेही तसेच झाले. अकरा बोललेला बारा घालून गेला. नाना मोजायला चुकत नव्हते. ते प्रत्येकाला एक फेरी जास्त घालायला लावत होते.

मी त्यांना तसे म्हटले. त्यांनी खडूची भुकटी झटकली आणि म्हणाले, "एक जास्ती झाली तर कुनाचं काय गेलं? आन् एक कमी झाली मंग?"

उत्तर मला आवडले. मी ते टिपून घेतले आणि त्याचा काही अर्थ लावला नाही.

ते दुष्काळाचे वर्ष होते. आमची चारही पाने टँकर, खडीची कामे आणि चारा यांनी भरत. त्याच सुमारास परदेशात आशियाई देशांची मैदानी स्पर्धा सुरू झाली. छोट्या दैनिकांसाठी रेडिओवर दुपारी सावकाश वाचलेल्या बातम्या लागत, प्रत्येक वाक्य दोनदा. मी त्या उतरवून घेत असे. नाना त्या आठवड्यात रोज दुपारी आले. शंभर मीटर झाली, उंच उडी झाली, भालाफेक झाली. नाना विचारत, "धा हजार मीटर कवा हाय?" आणि जात. शेवटच्याची चौकशी त्यांनी पहिले तीन दिवस केली नाही, हे माझ्या लक्षात आले होते.

चौथ्या दिवशी दहा हजार मीटरचा निकाल आला. पहिल्या तिघांची नावे आणि शेवटी एक वाक्य: तीन धावपटूंनी शर्यत अर्धवट सोडली. निवेदकाने तेही दोनदा वाचले.

नाना दारात उभे होते. "शेवटचा कोन आला?"

"ते दिलं नाही, नाना. तिघांनी शर्यत सोडली एवढंच आहे."

"कोन तिघं?"

"नावं नाहीत."

नाना आत आले आणि बाकावर बसले. इतक्या वर्षांत ते आमच्या कचेरीत कधी बसले नव्हते. शिपाईसुद्धा फडके हातात धरून पाहत राहिला.

संपादकांनी चष्म्यावरून पाहिले. "नाना, जिल्ह्यात प्यायला पाणी नाही. तिकडे कोण पळता पळता थांबला, ते कळून तुम्हाला काय करायचंय?"

"माजा मानूस हाय त्यात," नाना म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितले ते मी इथे क्रमाने देतो. त्यांनी ते क्रमाने सांगितले नव्हते.

काही वर्षांपूर्वी भिंगारच्या पलटणीत मुत्तू नावाचा एक जवान आला. तो थेट दक्षिणेकडचा. त्याला मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. नानांना त्याची भाषा येण्याचा प्रश्नच नव्हता. पहाटे नाना फक्की ओढत आणि मुत्तू मैदानाला फेऱ्या मारत असे. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या. तो समोरून गेला की नाना ओरडत, "चोवीस राहिल्या! तेवीस राहिल्या!" वर्षभरात मुत्तू मराठी आकडे शिकला, पण उलटे.

"सरळ मोज म्हनलं तर अडायचा," नाना म्हणाले. "पंचवीसपासनं खाली मातूर घडघडा. आमी दोगं तेवढंच बोलायचो."

पुढे निवड-शर्यत ठरली. पहिले सहा वरच्या स्पर्धेला जाणार होते. धावणारे मागे-पुढे पांगतात, कोणाच्या किती फेऱ्या झाल्या हे कळेनासे होते. म्हणून मोजणारे बसवतात. प्रत्येकाकडे एक-दोन धावपटू आणि एक कार्ड. फेरी झाली की कार्डावर खूण करायची आणि राहिलेल्या फेऱ्या ओरडून सांगायच्या. मुत्तूचे कार्ड नानांनी मागून घेतले.

"सतरावी हुती," नाना म्हणाले. "माज्या म्होरंच त्यानं एकाला मागं टाकलं. सहावा हुता त्यो पाचवा झाला. मी खून केली. मंग उठलो, टाळ्या पिटल्या, खाली बसलो. आन् आनंदात परत खून केली."

एका फेरीच्या दोन खुणा. तिथून पुढे कार्ड एका फेरीने पुढे गेले. मुत्तूच्या दोन फेऱ्या राहिलेल्या असताना नाना ओरडले, "एक राहिली!"

मुत्तूने ते ऐकले आणि होते नव्हते ते सगळे त्या फेरीत ओतले. रेघ ओलांडून तो आतल्या गवतावर आडवा झाला. बाकीचे त्याच्या शेजारून धावत गेले. पंचांनी त्याला उठायला सांगेपर्यंत त्याचे पाय गेले होते. निकालाच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिले गेले: शर्यत अपूर्ण.

"सायबानं इचारलं, मोजायला कोन चुकलं?" नाना म्हणाले. "मी तोंड उघडायच्या आदी मुत्तूनं सोताच्या छातीवर बोट ठिवलं. म्हंजी मीच चुकलो म्हून. माजी नोकरी जाईल असं त्याला वाटलं असंल."

"आणि तुम्ही?" संपादकांनी विचारले.

"मी गप बसलो."

आठवड्याभरात मुत्तूची बदली झाली. तेव्हापासून नाना निकाल पाहत होते. अक्षरे लावून लावून वाचत. "त्यो काय पयल्या तिघांत यायचा न्हाई, ते मला बी ठावं हाय," ते म्हणाले. "म्हनून मी खालनं इचारत आलो. मंग तशी सवच लागली. खाली बी लई चांगली मानसं असत्यात." तो या स्पर्धेला गेल्याचे पलटणीतल्या एका हवालदाराने त्यांना सांगितले होते.

संपादक थोडा वेळ समोरचे कागद सारखे करत राहिले. मग मला म्हणाले, "पुण्याला ट्रंक कॉल लाव."

पुण्याच्या एका मोठ्या दैनिकात माझा मित्र क्रीडा पान पाहत असे. त्यांच्याकडे तारयंत्रावर पूर्ण निकाल येत. कॉल लागायला दोन तास लागले. त्या दोन तासांत नाना बाकावरून हलले नाहीत. शिपायाने त्यांना चहा दिला. तो निवला. शिपायाने तो नेऊन दुसरा आणला, तोही निवला.

घंटी वाजली. मित्र घाईत होता. "लिहून घे. पहिला..."

"पहिला नको. शेवटून वाच."

"काय?"

"शेवटून वाच."

"नगरला उन्हाळा फार आहे का रे?" तो म्हणाला. पण त्याने कागद चाळला. "शर्यत सोडलेले तिघं." त्याने तीन परदेशी नावे कशीबशी उच्चारली. मी नानांकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. त्यांना ती खूण उलटीच कळली असावी. त्यांनी डोळे मिटले. मित्र पुढे वाचत होता. "शेवटचा, नववा, मुत्तू. भारत. पुढे वेळ दिलीय. एवढा वेळ लागला म्हणजे बिचारा बराच मागे..."

मी त्याला थांबवले आणि मोठ्याने म्हटले, "नाना, शेवटचा मुत्तू आला."

नाना उठून उभे राहिले. "पुऱ्या पंचवीस?"

"वेळ दिली आहे म्हणजे पुऱ्या पंचवीस."

"कोनी मोजल्या?"

मी फोनमध्ये तसे विचारलेही. मित्राने फोन ठेवला. "मोजणाऱ्याचं नाव देत नाहीत, नाना," मी म्हणालो.

"न्हाई, बरुबर हाय," ते म्हणाले. "देऊ बी नये." मग जरा काळजीने, "एक जास्ती तर पळवली नसंल ना त्याला?"

संपादक हसले. हसत नाकावरचा चष्मा काढून पुसत बसले, ते बराच वेळ.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात आम्ही दहा हजार मीटरचे पहिले तीन आणि नववा छापला. चार ते आठ गाळले. एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवून ही चूक नजरेस आणून दिली. संपादकांनी त्याला कळवले की चूक नाही.

पोस्टकार्डाची कल्पना नानांना तिथूनच सुचली असावी. दोन दिवसांनी ते एक कोरे कार्ड आणि हवालदाराकडून मिळवलेला मुत्तूच्या पलटणीचा पत्ता घेऊन आले. मी इंग्रजीत लिहायचे ठरले. तिकडे कोणीतरी त्याला वाचून दाखवील.

"लिवा. त्या दिशी तुज्या चोवीसच झाल्या हुत्या. मोजाय मी चुकलो."

मी लिहिले. "आणखी?"

नानांनी बराच विचार केला. कार्डावर पुष्कळ जागा होती.

"सायबाला बी सांगितलं म्हून लिवा. काल जाऊन सांगितलं."

"साहेब काय म्हणाले?"

"तवाचे सायेब कवाच बदलून गेले. ह्ये नवे हायेत. त्यास्नी कायबी कळंना. चहा पाजला मला."

कार्डाचे उत्तर आले की नाही, मला माहीत नाही. नानांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. त्यांचे कचेरीत येणे हळूहळू कमी झाले.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी कामानिमित्त भिंगारला होतो. पारावर नाना खडू घेऊन बसले होते. सोनाबाई फिरत होती. ती समोर आली तेव्हा नाना म्हणाले, "झाल्या एकवीस. टेका आता."

सोनाबाई थांबली. तिने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. "एक राहिली असंल."

"न्हाई, मावशी. बरुबर एकवीस."

"आजपत्तुर कवा झाल्या न्हाईत, त्या आजच बऱ्या झाल्या? बरं न्हाई का रं तुला?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा चालू लागली.

नानांनी खडू खिशात टाकला. ते उठले आणि देवाकडे उजवा हात ठेवून तिच्यामागून निघाले. पारावर मोजायला कोणी उरले नव्हते.