घुबडाच्या गोळ्या आणि मेश्राम बाई

"बाईनं आज पुन्हा डब्यात घुबडाची घाण आनली वाट्टे," प्रयोगशाळेचे शिपाई गुलाबभाऊ दारात कुणाला तरी सांगत होते.

"घाण नाई, गुलाबभाऊ. ओकारी होय ते," आतून मेश्राम बाईंचा आवाज आला. "खालून नाई, वरून येते. फरक समजून घ्या."

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात बाई प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. हा फरक त्या सगळ्यांना समजावत. प्राचार्यांना, एसटीच्या कंडक्टरला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारणीला. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेल्या केसांची-हाडांची गोळी करून ओकतं. बाईंच्या घरामागं जुन्या किल्ल्याच्या परकोटाच्या भिंतीत एका कोनाड्यात गव्हाणी घुबडांची जोडी होती. तिथल्या गोळ्या त्या जेवणाच्या डब्यातून आणत. वरच्या कप्प्यात भाजी-पोळी असे. त्यांच्याबरोबर जेवायला कुणी बसत नसे.

गोळी कोमट पाण्यात भिजवायची, चिमट्यानं केस सोडवायचे, हाडं काळ्या कागदावर मांडायची. मग बाई फळ्यावर अन्नजाळं काढत. धानाकडून उंदराकडे बाण, उंदराकडून घुबडाकडे. एखादी मुलगी 'बिचारा उंदीर' म्हणाली, की खडू तिच्यावर रोखला जाई.

"बिचारा काऊन? घुबडानं काय वरण-भात खावं? इथी कोणी बिचारं नाई. सारे जेवून राह्यले."

हाड मोडणाऱ्याची मात्र खैर नसे. एकाच्या हातून बेडकाचा जबडा तुटला, तर बाई त्याच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मी तर कुणाशीच फारसं बोलत नसे. माझ्या कॉन्व्हेंटी मराठीला मुलं हसत.

एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. बाई एकट्याच राहत. त्यांनी ओट्याखाली चिमूटभर सुकट ठेवली आणि भिंतीच्या कडेनं एक चिचुंद्री आली. उंदरांच्या पिंजऱ्यात सापडून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता. बाईंनीच तिला सोडवलं होतं.

"ये ठमाबाई, उशीर काऊन केला?" या आवाजात त्या वर्गात कधी बोलल्या नव्हत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अभ्यासासाठी आहे."

थंडीत चिचुंद्री येईनाशी झाली. "गेली असंल दुसऱ्याकडं जेवाले," बाई म्हणाल्या. सुकट मात्र ठेवत राहिल्या.

त्याच सुमारास प्रात्यक्षिकात मी एक गोळी सोडवत होते. आतून लांब, निमुळती कवटी निघाली. चिचुंद्रीची. केस बाजूला झाले तेव्हाच दिसलं, पुढचा दात अर्धा होता.

बाईंनी भिंग घेतलं. मुलं वह्या उघडून थांबली.

"बाई, चिचुंद्री लिहू?" एकीनं विचारलं.

बाईंनी भिंग आणखी जवळ नेलं. त्या दातावरून त्यांची नजर हलेना.

मी उभी राहिले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"बाई, तो दात आत्ता माझ्या चिमट्यानं तुटला."