गडटोलीत फुल नेटवर्क

बटणांचा एक मोबाईल, आत बॅटरीच नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ओला निळा रंग. अक्षरं: 'डिजिटल गडटोली'.

धानाच्या बांधीत घोटाभर चिखलात उभा असलेला एक माणूस. कानाला टीव्हीचा रिमोट लावून तो कुणाची तरी ख्यालीखुशाली विचारतोय.

हार एक, नारळ एक.

हे सगळं एकाच दिवसाचं आणि एकाच डोक्यातून निघालेलं. डोकं उपसरपंच केवळरामचं!

गडटोली आंबागडच्या किल्ल्यामागे. मोबाईलवर वेळ बघता येते, बाकी काही नाही. केवळरामची मुलगी टीना नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती आणि तिचा क्लास ऑनलाइन होता. त्यासाठी ती रोज गडाच्या वाटेनं अर्धा तास चढून एका चपट्या दगडावर जाऊन बसे, कारण सगळ्या गावचं नेटवर्क तेवढ्या एका दगडावर येत होतं. मागच्या महिन्यात तिथं माकडांनी तिची वही फाडली. त्या दिवशी केवळरामनं तिला शब्द दिला, की दिवाळीच्या आत तू घरात बसून शिकशील.

आणि पंधरवड्यातच तुमसरच्या बाजारात त्याच्या कानावर आलं, की एक संस्था जिल्ह्यातल्या एका गावाला इंटरनेट केंद्र देणार आहे. पाहणीला माणूस येतोय, मंगळवारी.

केवळरामला आणखी काय हवं होतं? पाहणी हा त्याचा हातखंडा! ग्रामस्वच्छतेच्या वर्षी त्यानं गावाचा सगळा कचरा ट्रॅक्टरमध्ये भरून समिती जाईपर्यंत जंगलात फिरवत ठेवला होता आणि बक्षीस आणलं होतं. तेव्हापासून गावाचा एकच नियम होता. समितीनं काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं.

"बाबा, त्यायले विचारा तरी, गाव कसं पाहिजे म्हणून," टीना म्हणाली.

"चांगलंच पाहिजे असन. खराब गाव कोण निवडन? तू फक्त पाहून राह्य."

मंगळवारी भूपेंद्र आला. भंडाऱ्याचा सरळमार्गी पोरगा, हातात टॅब, टॅबमध्ये फॉर्म.

प्रश्न पहिला. घरात नेटवर्क येतं का?

हो. बत्तीस घरांतून बत्तीस वेळा हो.

भूपेंद्रच्या स्वतःच्या मोबाईलवर मात्र फुली दिसत होती. त्यानं ती दाखवली, तर केवळरामनं समजावलं, की मोबाईल शहरातला आहे, त्याला इथलं हवापाणी मानवायला दोन दिवस लागतात.

प्रश्न चौथा. फोन किती वापरता?

याचं उत्तर विमलाबाईंनी करून दाखवलं. ओसरीत बसून त्या बिनबॅटरीच्या फोनवर सुनेशी बोलत होत्या. रक्षा, अड्याळले पाऊस आहे का, रक्षा, माहेरी गेली म्हणून आम्हाले विसरली का. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तेवढ्यात आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली आणि विमलाबाई फोन कानाला तसाच ठेवून कौतुकानं म्हणाल्या, "हे माही सून, रक्षा."

केवळरामनं डोळे मिटून घेतले. संपलं!

भूपेंद्रनं रक्षाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि टॅबवर लिहिलं: 'नेटवर्क इतके उत्तम की ओसरीतून स्वयंपाकघरातही फोन करतात.'

चार वाजता त्यानं बेरीज केली. "काका, अभिनंदन. कारधा, अड्याळ, सगळ्यांच्या पुढे आहे तुमचं गाव."

केवळरामनं हार उचलला. "म्हंजे केंद्र आमचं?"

"तुमचं कसं? जिथं नेटवर्कच नाही, तिथं केंद्र. तुम्हाला काहून पाहिजे आता?"

हार हातातच राहिला. केवळरामला समोर भूपेंद्र दिसेना, फाटलेली वही दिसू लागली. मग तो जन्मात पहिल्यांदा पाहणीच्या माणसाशी खरं बोलला. रंग आज सकाळचा, विमलाबाईचा फोन मेलेला, बांधीतल्या माणसाच्या हातात रिमोट. भूपेंद्र हसला. केंद्राचं नाव काढलं की सगळी गावं अशीच गरीब होतात, म्हणाला.

शेवटी टीनानं त्याला विचारलं, "भाऊ, सकाळपासून तुमाले एक तरी फोन आला का?"

भूपेंद्र विचारात पडला. त्याच्या घरून तासातासाला फोन येतो.

त्यानं सगळा फॉर्म नव्यानं भरला. बत्तीस घरं, बत्तीस वेळा नाही. सबमिटचं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. मुदत पाचची होती आणि एका गावाला एकच फॉर्म. केवळरामनं त्याचं मनगट धरलं नि गडाची वाट पकडली. मागून टीना, तिच्या मागून निम्मं गाव. भूपेंद्रची एक चप्पल वाटेतच राहिली, पण पाचला दोन मिनिटं असताना टॅब त्या चपट्या दगडावर पोचला आणि फॉर्म गेला!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवळराम म्हणाला, "म्हटलं होतं ना, पाहणी कशी करून घ्याची हे मले समजते."

टॅबवर निकाल लगेच उमटला. लोक काहीही सांगोत, फॉर्म जिथून पाठवला तिथलं नेटवर्क टॅब स्वतः मोजतो, हे भूपेंद्रला माहीत होतं. धावता धावता विसरला होता. त्यानं हळूच वाचून दाखवलं: 'गडटोली. नेटवर्क उत्तम. केंद्राची आवश्यकता नाही.'

केवळराम दगडावर मटकन बसला.

"बाबा, सरका थोडे," टीना म्हणाली. "क्लास सुरू झाला."

कोणतं गाव निवडणार, त्याच्या अटींचं पत्र संस्थेनं गडटोली ग्रामपंचायतीला पाहणीच्या आठ दिवस आधी ईमेलनं पाठवलं होतं.